मी लिहिलेली विशेषणं

पाचवी ब. खिडकीकडची तिसरी रांग. फळ्यावर मिसनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, अ‍ॅडजेक्टिव्ह्ज. खाली वीस शब्द. आम्ही ते आदल्या दिवशी पाठ करून आलो होतो.

कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली. मिसनी दारातून हाक मारली. माझी आई बादली आणि फडकं घेऊन आत आली.

माझी आई त्या शाळेत मावशी होती. झाडायची, पुसायची, संडास धुवायची. शाळेत अशा बायांना सगळे मावशीच म्हणतात. मीपण मावशीच म्हणायचे. पहिलीत प्रवेश देतानाच मिसनी मला सांगितलं होतं, "शाळेत आई-आई करत तिच्या मागं फिरायचं नाही. तिला काम असतं." आई तिथं कामाला, म्हणून मला फी माफ. मी मान हलवली होती. सहा वर्षांची होते.

तर आई खाली बसून फरशी पुसत होती. मिसना काय सुचलं कुणास ठाऊक. खडू हातात तसाच. म्हणाल्या, "लुक, चिल्ड्रेन. मावशी. मावशी काय आहे? नाउन. आता मावशीसाठी एक अ‍ॅडजेक्टिव्ह कोण देईल?"

पोरं उठली. एक म्हणालं, थिन. एक म्हणालं, ब्लॅक. वर्ग हसला. मिसपण हसल्या. म्हणाल्या, "यादीतला शब्द पाहिजे. चांगला शब्द."

मला अख्खी यादी पाठ होती. अर्थासकट. पाच वर्षांत मिसनी मला एकदाही उभं करून उत्तर विचारलं नव्हतं. मी हात वर केला. नुसता वर केला नाही, हलवला. मिसचं लक्ष जावं म्हणून बाकावरून अर्धी उठले.

मिसनी माझ्याकडं बोट केलं.

मी म्हणाले, "शॅबी."

"एक्सलंट! फुल सेंटेन्समध्ये सांग."

मी ताठ उभी राहिले. म्हणाले, "मावशी इज शॅबी."

"क्लॅप फॉर हर."

चाळीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईनं मान वर केली. टाळ्या माझ्यासाठी आहेत हे तिला दिसलं. ती हसली. हातात ओलं फडकं, गुडघे पाण्यात, आणि तोंडभर हसू. तिच्या अंगावर विरलेली, पिवळट पडलेली साडी होती. ती साडी मिसनीच दिली होती, दिवाळीला, नेसून नेसून झाल्यावर.

शॅबी म्हणजे मळकट. गबाळं. जुनाट, फाटकं, बघवत नाही असं. मला माहीत होतं. न कळून बोलले असं मी आजही म्हणू शकत नाही. शब्दापुढं कंसात अर्थ लिहिला होता आणि तो मी रात्री तीनदा घोकला होता. मिसनी मला ढकललं नव्हतं. जागा तयार केली होती. चालत मीच गेले.

संध्याकाळी आम्ही दोघी सिडकोतून चालत मुकुंदवाडीला घरी निघालो. आई खुशीत होती.

"काय गं, आज लई टाळ्या वाजल्या तुला?"

"उत्तर बरोबर आलं."

"मपल्याकडं बघून म्हणलीस ना तू कायतरी? मिसबी बघायल्या होत्या मपल्याकडं. काय म्हणलीस?"

मी दप्तराचा पट्टा ओढला. मग म्हणाले, "शॅबी."

"म्हंजी?"

रस्त्यानं रिक्षा जात होत्या. मला एक रिक्षा अंगावर येईल तर बरं असं वाटलं. पण तोंड चाललं. तोंड फार चलाख होतं माझं. म्हणाले, "शॅबी म्हणजे... शाबास असतं ना, तसं. शाबासकी देण्यासारखी. लई काम करणारी."

"शाबी," आई म्हणाली. तिनं तो शब्द तोंडात घोळवला, आवळा घोळवावा तसा. "वर्गात म्हणलीस? मिसच्या म्होरं?"

"व्हय."

 तिनं माझा हात धरला. शाळेपासून इतक्या जवळ ती कधी हात धरायची नाही.

वडील फर्दापूरला हॉटेलात स्वयंपाकाला होते. लेणी बघायला येणाऱ्या लोकांमुळं त्यांना थोडं इंग्रजी यायचं. पंधरा दिवसांनी घरी आले तर आईनं पहिलं तेच सांगितलं. पोरगी भरल्या वर्गात मला शाबी म्हणली. वडील विचारात पडले. म्हणाले, "आमच्याकडचे पाहुणे ब्यूटिफुल म्हणत्यात, वंडरफुल म्हणत्यात. ह्यो शब्द नाय ऐकला."  मग तेच म्हणाले, "आसंल. शाळेतलं इंग्लिश मोठं असतंय."

मी वाचले. त्या वेळी मला तसंच वाटलं, वाचले.

आईनं तो शब्द जपून ठेवला. ती तो रोज वापरायची नाही. शेजारच्या काकूंच्या सुनेनं एकटीनं लग्नाचा सगळा स्वयंपाक केला तर म्हणाली, "लई शाबी पोरगी हाय." मिस वर्गात आमचे उच्चार दुरुस्त करायच्या तसे मी घरी तिचे करायचे, टेबल म्हण, टॅबल नको. मग तिनं हासुद्धा शब्द दुरुस्त करून घेतला माझ्याकडून. शाबी नाही, शॅबी. मी दुरुस्त करून दिला.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. पाहुणे यायच्या आधी पोर्चमध्ये सगळे उभे. संचालकांच्या बायका, शिक्षक. मी स्वागताच्या मुलींमध्ये, हातात फुलांचं तबक, डोक्यात गजरा. मिस जांभळी पैठणी नेसून आल्या. खरंच देखण्या दिसत होत्या. आई पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन तिथनं चालली होती. थांबली. आपल्या मनातलं चांगलं चांगल्या भाषेत सांगावं असं तिला वाटलं.

म्हणाली, "मिस, आज लई शॅबी दिसायलात तुमी."

उच्चार एकदम बरोबर.

एक बाई फिसकन हसली. मिसचा चेहरा उतरला. "काय म्हणालीस?"

आईला वाटलं ऐकू गेलं नाही. तिनं परत, मोठ्यानं म्हटलं.

मिस मराठीत बोलल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून. "शॅबी म्हणजे मळकट. गबाळं. भिकाऱ्यासारखं. कळलं? कुणी शिकवला तुला हा शब्द?"

  आईनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी तबकातली फुलं बघितली.

"कुणी नाय, मिस," आई म्हणाली. "रस्त्यानं ऐकलता."

"रस्त्यावरचं रस्त्यावर ठेवायचं. सॉरी म्हण."

आईनं ट्रे खाली ठेवला. हात जोडले. "सॉरी मिस."

"आज पाहुण्यांच्या समोर येऊ नकोस. मागं बाथरूमकडं थांब."

आई गेली. मग मिसनी माझ्याकडं बघितलं. तो शब्द कुठून आला, वर्गात कुणी कुणाला दिला, मिसना आठवत होतं. त्या माझ्याकडं बघून हसल्या. बारीक. आपल्या माणसाकडं बघून हसतात तसं.

आणि मी हसले.

आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. माझी आई हात जोडून, मान खाली घालून बाथरूमकडं चालली होती आणि मी मिसकडं बघून हसले. त्या पोर्चमध्ये दोन बाजू होत्या. मी तबक घेऊन कुठल्या बाजूला उभी होते ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मला तिथं बरं वाटत होतं.

गॅदरिंगमध्ये माझा नाचही होता, तो बघायला आई आली नाही. घरी आल्यावर तिनं चूल... नाही, तेव्हा गॅस होता आमच्याकडं. तिनं गॅस पेटवला, तवा ठेवला. भाकरी थापता थापता विचारलं, "नाच झाला का नीट?"

मी म्हणाले, "झाला."

एवढंच. तो शब्द तिच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही. कुठलाच इंग्रजी शब्द आला नाही. टेबलला ती पुन्हा टॅबल म्हणायला लागली. मी दुरुस्त केलं नाही.

पुढं मी लई शिकले. बारावी, डी.एड., बाहेरून बी.ए. इंग्रजी. शहराचं नाव बदललं, मुकुंदवाडीच्या स्टेशनाचं रूप बदललं. आमचं घर पत्र्याचं होतं त्याचा स्लॅब झाला. समाजात माझा सत्कार झाला, बुद्धविहारात. शाल, पुस्तक. सत्कार करणारे काका म्हणाले, बाबासाहेबांनी वाघिणीचं दूध म्हटलं ते हेच. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्या की मला अजून ते ओलं फडकं दिसतं. आई पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसली होती. तिनंही वाजवल्या.

आणि नोकरी कुठं लागली? त्याच शाळेत. मिस आता मुख्याध्यापिका झाल्या होत्या. त्यांनीच बोलावून घेतलं. दुसरीचा वर्ग दिला. नव्या पालकांना शाळा दाखवताना त्या मला पुढं करायच्या. "ही आमच्या मावशींची मुलगी. आता आमच्याच स्टाफवर." पालकांच्या चेहऱ्यावर कौतुक यायचं. मी इंग्रजीत चार वाक्यं बोलायचे.

आई अजून तिथंच होती. फक्त आता निळा ॲप्रन आला होता. स्टाफरूममध्ये चहा घेऊन यायची. सगळ्यांपुढं कप ठेवत ठेवत माझ्यापाशी यायची. म्हणायची, "मॅडम, चहा."

पहिल्या दिवशी मला धक्का बसला. मला वाटलं, घरी गेल्यावर सांगू की असं म्हणू नको. घरी गेल्यावर नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी धक्का कमी बसला. महिन्याभरात मी वर न बघता कप उचलायला शिकले.

आता शेऱ्यांचं सांगते.

वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात प्रत्येक मुलापुढं शेरा लिहायचा असतो. इंग्रजीत, तीन-चार शब्दांत. मिसनी सगळ्या शिक्षकांना एक कागद दिला होता. प्लास्टिकमध्ये घातलेला. त्यावर विशेषणांचे दोन रकाने. रकान्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. पण कुठला रकाना कुणासाठी हे पहिल्याच दिवशी कळायचं. डावीकडं स्पिरिटेड, एक्सप्रेसिव्ह, क्युरिअस. उजवीकडं अनरूली, लाउड, इन्ट्रूसिव्ह. पोरं तेच करायची. बाकावर उभी राहायची, मध्येच बोलायची, प्रश्न विचारायची. डॉक्टरांचं पोर बाकावर चढलं की स्पिरिटेड, म्हणजे उत्साही. आरटीईतून, म्हणजे गरिबांसाठी राखीव मोफत जागेवर आलेलं चढलं की अनरूली, म्हणजे बेशिस्त.

मी एकदा विचारलं होतं. इतकंच, की मिस, हे पालकांना कळेल का?

मिस म्हणाल्या, "त्यांना कुठं वाचता येतंय? पण रेकॉर्डला राहतं. दोन-तीन वर्षं असे शेरे जमले की बोलावून सांगता येतं, तुमच्या मुलाला इथलं वातावरण झेपत नाही, दुसरी शाळा बघा. कटकट होत नाही."

मी मान हलवली. ह्या खेपेला मी सहा वर्षांची नव्हते.

दोन वर्षांत माझ्या वर्गात आरटीईची सतरा पोरं आली. सतरांचे शेरे मी लिहिले. उजव्या रकान्यातून. अक्षर माझं सुंदर आहे. काही शब्द तर मी माझ्या पदरचे घातले, कागदावर नसलेले, जास्त वजनदार. मिस म्हणायच्या, "तुझी व्होकॅब्युलरी पहिल्यापासूनच चांगली."

यंदा एप्रिलमध्ये निकालाचा दिवस. ऊन रटरटत होतं. पालक रांगेत. पल्लवीची आई आली. चिकलठाण्याच्या कंपनीत पॅकिंगला आहे ती, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती, अंगावर कंपनीचा कोट तसाच. पल्लवी आमच्या वर्गातली सगळ्यात मोठ्या आवाजाची पोरगी. वर्गाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला हाक मारायची, "ओ मॅडम, हिनं माझं रबर घेतलं!" तिच्या नावापुढं मी लिहिलं होतं, अनकूथ.

अनकूथ म्हणजे असभ्य. गावंढळ. रानटी. आठ वर्षांच्या पोरीला.

पल्लवीच्या आईनं प्रगतिपुस्तक घेतलं. उलटं-पालटं केलं. "पास हाय ना, मॅडम?"

"हो हो, पास आहे."

पल्लवीनं ते ओढून घेतलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. मीच शिकवलं होतं तिला असं तोडून वाचायला. "अन... काऊ... काऊ! आई, मॅडमनी माझ्यापुढं काऊ लिहिलंय. काऊ म्हणजे गाय!"

तिची आई हसली. खूश झाली. "गायीसारखी व्हय? म्हंजी गरीब स्वभावाची, आसंच ना मॅडम?"

मला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. खोटं आयतंच माझ्यापुढं वाढून आलं होतं. मी मान हलवली.

"बघ," ती पोरीला म्हणाली, "मॅडमनी गरीब लिवलंय, आन् घरी किती बोंबलतीस." दोघी हसत हसत निघाल्या.

बाजूला कुणीतरी उभं होतं. पालकांना पाणी द्यायला माझी आई ट्रे घेऊन उभी होती. किती वेळची, माहीत नाही. तिनं पल्लवीच्या आईकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिला अनकूथचा अर्थ माहीत असायचं कारण नव्हतं. पण माझी मान कशी हलते ते तिला माहीत होतं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि वऱ्हांड्यानं चालायला लागली. मागं. बाथरूमकडं.

मी उठले. रांगेत पुढचे पालक उभे होते, सुटाबुटातले. ते म्हणाले, "एक्सक्यूज मी?" मी पळत सुटले.

गेटवरचे चाचा ओरडले, "क्या हुआ बेटा? कायको भाग री?"

"त्यांना थांबवा, चाचा. कोटवाल्या ताईंना."

पल्लवीची आई थांबली. घाबरली. तिला वाटलं निकालच चुकला.

मी दम खात उभी राहिले. म्हणाले, "ताई, मी खोटं बोलले. त्याचा अर्थ गाय नाही. गरीब नाही. त्याचा अर्थ असभ्य. गावंढळ. ज्याला वागायची रीत नाही असं. मी लिहिलाय तो."

मला वाटलं ती रडेल, किंवा शिवी देईल. काहीतरी होईल आणि मी सुटेन. तिनं प्रगतिपुस्तक उघडून तो शब्द बघितला. मग म्हणाली, "का?"

"काय?"

"का लिवलं? काय केलं तिनं?"

 मी म्हणाले, "ती... मोठ्यानं बोलते."

"तिच्या आज्जीला ऐकू येत नाय," ती म्हणाली. "मी कंपनीत, हिचे पप्पा रिक्षावर. दिवसभर ही आन् आज्जी. घरात सगळ्यायलाच मोठ्यानं बोलावं लागतंय. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

दोन वर्षांत मी सतरांपैकी एकाच्याही घरी काय आहे ते विचारलं नव्हतं. शब्द मात्र सतरा शोधले होते.

तिनं प्रगतिपुस्तक पुढं केलं. "खोडा."

माझ्या केसात पेन खोचलेला होता. गेटच्या खांबावर प्रगतिपुस्तक टेकवून मी तो शब्द खोडला. खाली सही केली. ती म्हणाली, "आता काय लिवता?" मी मराठीत लिहिलं. पल्लवी मोठ्यानं आणि स्पष्ट बोलते. तिच्या आजीला ऐकू येत नाही, ती आजीला सांभाळते.

तिनं ते वाचलं. स्वतः, अडखळत, पण पूर्ण. ती सातवी शिकलेली होती. वाचता येत नाही असं कोण म्हणालं होतं? वाचता येईल असं आम्ही लिहिलंच नव्हतं.

ती आभार मानून गेली नाही. पोरीचा हात धरला आणि गेली. पल्लवीनं मागं वळून बघितलं नाही.

अर्ध्या तासात मिसच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. कुणीतरी सांगितलं होतं. मिस शांत होत्या. म्हणाल्या, "शाळेच्या रेकॉर्डमध्ये तू खाडाखोड केलीस. उद्या त्या बाईला बोलाव. नवीन कार्ड दे. तोच शेरा, इंग्रजीत."

मी म्हणाले, "नाही देणार."

"काय?"

"तो शेरा खोटा आहे, मिस. आधीचे सोळापण. मी लिहिलेत म्हणून मला माहितेय."

त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या आईला आम्ही ठेवलं. तुला शिकवलं. फी घेतली नाही. आणि आज तू मला शिकवतेस? यू आर अनग्रेटफुल."

मी म्हणाले, "मिस, मराठीत सांगा. आई बाहेर उभी आहे. तिच्या मुलीबद्दल बोलताय, तिला कळू द्या."

मिसनी दाराकडं बघितलं. दार उघडंच होतं. आई उभी होती, हातात काही नव्हतं. वीस वर्षं ह्या बाईनं माझ्या आईला मराठीत काय काय ऐकवलं होतं. पण त्या घडीला त्यांना तो एक शब्द मराठीत बोलता येईना. शेवटी म्हणाल्या, "जा. लेखी खुलासा दे."

दुपारी आम्ही दोघी चालत घरी निघालो. रस्ता तोच, पण आई चार पावलं पुढं. स्टेशनाजवळ मी तिला गाठलं. म्हणाले, "आई, थांब. मला बोलायचंय. पाचवीत असताना मी वर्गात तुला..."

"ठाव हाय मला."

"मी अर्थ खोटा सांगितला."

"गॅदरिंगच्या दिशीच कळलं. मिसनीच सांगितला की अर्थ."

"मग तू मला काहीच का बोलली नाहीस?"

आई थांबली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "धा वर्सांची होतीस तू. धा वर्सांच्या लेकराला काय बोलायचं? तुला तिथं टिकायचं व्हतं. मी म्हणलं, टिकू दे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटले. मी तिचा हात धरायला गेले.

तिनं हात मागं घेतला.

"त्याचं मला काय नाय," ती म्हणाली. "पर आता तू चोवीस वर्सांची हायेस. दोन साल झाले, मी तुला रोज मॅडम म्हणते. पैल्या दिशी मी मुद्दाम म्हणलं. म्हणलं, बघू, पोरगी काय करती. तू कप उचललास. त्याचं काय करू मी, सांग."

मी म्हणाले, "चुकलं, आई. माफ कर."

"नाय करत," आई म्हणाली. रागानं नाही. आज भाजी आणायची नाही म्हणावं तसं. "माफ केलं की तू गप बसशील. मला तू गप बसलेली नको."

आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी लेखी खुलासा दिला. मराठीत. दोन्ही रकान्यांचं सगळं लिहिलं, कुणासाठी कुठला, आणि मी कुणाकुणासाठी कुठला शब्द वापरला तेसुद्धा. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात दिली, पोच घेतली. शाळेनं मला येऊ नको म्हणून सांगितलंय, चौकशी होईपर्यंत. आईला काढलेलं नाही. काढतील. तिला विचारलं तर म्हणाली, "काढू दे, मी म्होरं बघीन. तू तुझं काम कर."

माझं काम म्हणजे सोळा घरं.

पत्ते माझ्याकडं आहेत. रोज दोन-तीन घरं करते. दारात उभी राहते, नाव सांगते, प्रगतिपुस्तक मागते. माझाच शब्द वाचते आणि त्याचा अर्थ मराठीत सांगते. मग विचारते, तुमचं लेकरू कसं आहे? ते सांगतील ते त्यांच्यासमोर लिहिते.

सोपं नाही ते. एका घरात बाईनं मला पाणी दिलं, आणि अर्थ ऐकल्यावर हातातला ग्लास परत काढून घेतला. क्रांती चौकात टपरी असलेला एक बाप म्हणाला, "त्या शब्दावर तर पोराला मागच्या वर्षी काढलं, मॅडम. आता खोडून काय करू?" त्याचा मुलगा आता दुसऱ्या शाळेत आहे, एक वर्ष मागं. त्याला मी काय सांगणार? खाली मान घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि त्याला तक्रारीचा अर्ज लिहून दिला. त्यात साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं आणि गुन्हा कुणी केला तिथं मिसच्या नावापाठोपाठ माझंही.

नऊ घरं झाली. सात राहिलीत. कुणी माफ करावं म्हणून मी जात नाही. कुणी केलंही नाही.

नोकरी जाईल. जाऊ दे. दुसरी लागेल किंवा नाही लागणार. पण पुन्हा कुठल्याही वर्गात उभी राहिले, तर ज्या शब्दाचा अर्थ मला त्या लेकराच्या आईच्या डोळ्यांत बघून, तिच्या भाषेत सांगता येणार नाही, तो शब्द मी त्या लेकराच्या नावापुढं लिहिणार नाही. कुणी लिहायला सांगितला तरी नाही. आणि शेजारच्या वर्गात कुणी लिहिलेला दिसला, तर गप्प बसणार नाही.

उद्या सकाळी दहावं घर आहे.